मॅग्नेट कपाटात, मॅग्नेटिझम नदीकाठी!

एक साधा प्रश्न. सेफ्टी पिन लोहचुंबकाला चिकटते, पण मेसमधला स्टीलचा ग्लास बऱ्याचदा चिकटत नाही. का? त्यात तर निम्म्याहून जास्त लोखंडच असतं! बी-एच कर्व्ह डोळे मिटून काढणारे आपण इथे गप्प होतो. कारण व्हायवाला डेफिनिशन विचारतात, ग्लास नाही.

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ‘लोहचुंबक’ हा शब्द जरा उशिराच कानावर पडला. लोखंडाचं चुंबन घेणारा! ‘मॅग्नेट’मध्ये ही मजा नाही. असो. उत्तर तसं अवघड नाहीये. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत ते जोडीजोडीने एकमेकांना रद्द करतात. लोखंडात काही एकटे उरतात आणि शेजाऱ्याचं बघून एकाच दिशेला तोंड करतात. असे गट म्हणजे डोमेन. पिनमध्ये हे गट दहा दिशांना पांगलेले असतात. लोहचुंबक जवळ आला की ते त्याच्याकडे वळतात, पिन स्वतःच तात्पुरती चुंबक होते आणि खेचली जाते. ग्लासच्या स्टीलमध्ये निकेल किंवा मँगनीज घातल्याने अणूंची मांडणीच बदलते, म्हणून ही एकी होत नाही.

तापवलं तरी एकी मोडते. लोखंडाची साधारण ७७० अंश सेल्सिअसला, मॅग्नेटाइटची ५८० ला. हे क्युरी टेंपरेचर आपण दोन मार्कांसाठी पाठ करतो, आणि तिकडे अकोले तालुक्यातले डोंगर त्याचाच पुरावा घेऊन उभे आहेत! कळसूबाई (१६४६ मीटर), हरिश्चंद्रगड हा सगळा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी निवलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइटच्या जातीचे बारीक कण आहेत. लाव्हा निवताना त्या कणांनी पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडली आणि धरून ठेवली. आणि ती दिशा चक्क उलटी आहे! तेव्हा होकायंत्र असतं तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं. दख्खनच्या दगडातल्या याच दिशेचा तिरकेपणा मोजून १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवलं, की तेव्हा आपली ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

एवढं सगळं आपल्याच जिल्ह्यात, आणि आपण लॅबच्या कपाटाची चावी शोधत बसतो. माझं म्हणणं एवढंच, की फर्स्ट इयरचं एक प्रॅक्टिकल प्रवरेच्या काठी व्हावं. ही नदी त्याच डोंगरांतून येते. कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरवला की काळे कण दाढीसारखे लोंबू लागतात. तोच झिजलेला सह्याद्री. किलोभर वाळूत किती ग्रॅम निघतात ते मोजा, वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला फरक पडतो का बघा. सिलॅबसमध्ये नाही, असं सर म्हणतीलच. पण मग व्हायवात तरी तो ग्लास पुढे करा ना!

आणि हो, जाणार असाल तर लोहचुंबक कागदात गुंडाळून न्या. नाहीतर ते कण सोडवता सोडवता नाकी नऊ येतात.