पाण्याचा उपसा आवरा : बीदर जिल्ह्यातील सर्व नागरिकांना आवाहन

भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि बीदरच्या बंधू-भगिनींनो,

जुने बोअर आटले की आपण गाडी बोलावतो आणि शेजारीच दुसरे, आणखी खोल बोअर पाडतो. पठारावर आधी जांभ्याची तांबडी भुकटी उडते, मग काळ्या पत्थराची राखाडी. पाणी लागले की नारळ फुटतो. पण ते पाणी बहुतेक वेळा शेजारच्या विहिरीकडे निघालेले असते. ही चढाओढ सगळ्यांनाच कोरडे करणार आहे. ती आत्ताच थांबवली पाहिजे.

आपल्या जमिनीची रचना समजून घ्या. बीदरच्या पठारावरचा जांभा पावसाचे पाणी मुरवतो, खालचा काळा पत्थर ते अडवतो आणि दोहोंच्या सांध्यावर झरे फुटतात. बहामनी काळातल्या जाणकारांनी हे ओळखून नौबादची सुरंगबावडी खोदली. तिच्यात पाणी उताराने आपोआप वाहते. जेवढे मुरेल तेवढेच मिळते. मोटारीच्या उपशाला अशी मर्यादा आपणच घालावी लागते.

नदीचेही तसेच. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूरकडून आपल्याकडे येते आणि तेलंगणात गोदावरीला मिळते. कारंजा तिचीच उपनदी. भालकी तालुक्यातल्या कारंजा धरणावर बीदर शहराची तहान भागते. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपण त्याच नदीच्या खालच्या अंगाला आहोत.

कायदा आपल्या बाजूने आहे. कर्नाटकाच्या 1999 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. अतिउपसा झालेले पाणलोट क्षेत्र जाहीर करून तिथल्या उपशावर बंधने घालण्याचीही तरतूद आहे. तिची अंमलबजावणी मागणे आपल्या हातात आहे.

म्हणून कळकळीची विनंती :

1. गावातल्या प्रत्येक बोअरची आणि विहिरीची नोंद ग्रामपंचायतीत करा. दर महिन्याला पाण्याची पातळी मोजून फळ्यावर लिहा.
2. पिण्याच्या पाण्याजवळ नवे बोअर पडत असेल, तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या.
3. उसाची नवी लागण पाण्याचा हिशेब करूनच ठरवा. आहे त्या उसाला ठिबक करा. तूर, उडीद, मूग, ज्वारीला रान द्या.
4. लोकप्रतिनिधींनो, मांजरा खोऱ्यातल्या तिन्ही राज्यांनी उपशाचे आकडे एकमेकांसमोर मांडावेत, असा आग्रह धरा. उन्हाळ्यात आधी पिण्याचे पाणी, मग जनावरे, मग शेती आणि कारखाने, हा क्रम सर्वांनी पाळावा.

बागायतदारांना हे जड जाईल, याची जाणीव आहे. पण बोअरच्या कर्जात आधी बुडतो तो लहान शेतकरी. त्याच्यासाठी तरी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव करा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा.