नंबर लागेपर्यंत बारा वाजतात

दोन महिने पाळी आली नाही, किंवा आली ती थांबायचं नाव घेत नाही. घरचे म्हणतात, सरकारी दवाखान्यात दाखवून ये. कॉलेज बुडवून तुम्ही सकाळची पहिली एसटी पकडता. आधी केस पेपरची रांग, मग स्त्रीरोग विभागाबाहेरची. पुढे गरोदर बायका बसलेल्या. त्यांना आधी घेतलंच पाहिजे, त्यात वाद नाही. बाराच्या सुमारास तुमचा नंबर लागतो. दार उघडंच असतं. 'लग्न झालंय का?' हा पहिला प्रश्न बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जातो. तपासणी दोन मिनिटांत उरकते आणि सोनोग्राफीची तारीख मिळते पुढच्या महिन्यातली. रिपोर्ट आला की पुन्हा तीच रांग.

दुसऱ्यांदा किती जणी जातात? 'जाऊ दे' म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणणाऱ्या तुमच्या ओळखीत नक्की असतील.

या 'जाऊ दे'ची किंमत बीड जिल्ह्यात दिसली. ऊसतोडीला गेलेल्या बाईने एक दिवस खाडा केला की पैसे कापले जातात. मग अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं हे वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. शेवटी खासगीत कुणी सांगतं, पिशवीच काढून टाका. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सगळा दोष रांगेचा नाही. मुकादमाची उचल, लहान वयातली लग्नं, काही डॉक्टरांचा धंदा, सगळंच त्यात आहे. पण जवळच्या सरकारी दवाखान्यात एका फेरीत काम झालं असतं, तर त्यातल्या काही जणी तरी वाचल्या असत्या.

15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगलंच झालं. पण केस पेपरचे पैसे वाचले तरी बुडालेली मजुरी कोण भरून देणार? क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घ्यायची सोयही काही ठिकाणी आली आहे. त्याने खिडकीवरची गर्दी कमी होते, डॉक्टरच्या दाराशी मात्र तेवढीच राहते.

रिकामी पदं भरायलाच हवीत, ते आधी. पण तोवर हात बांधून बसायची गरज नाही. गरोदर मातांच्या तपासणीसाठी दर महिन्याची 9 तारीख ठरलेली आहे. तशीच पाळीच्या तक्रारींसाठी आठवड्यातली एक दुपार ठरवता येईल. बाकावर बसल्या बसल्याच सिस्टरने माहिती लिहून घेतली, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी उरकली, तर डॉक्टरसमोर पेपर तयार जाईल. सोनोग्राफीचे दोन-चार नंबर लांबून आलेल्यांसाठी त्याच दिवशी राखून ठेवावेत. आणि हो, ते दार तेवढं लावून घ्यावं.

किशोरवयीन मुला-मुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत, हे तुम्हाला माहीत होतं का? जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात गेलात तर कुठल्या खोलीत आणि कधी चालतं, ते विचारा. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांची पदं किती मंजूर आणि किती भरलेली, हेही माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तोवर कदाचित सोनोग्राफीचीही तारीख आलेली असेल.