बी.एड.चा तोटा कोणी केला?

‘बी.एड. करून का भेटते आता?’ हा प्रश्न वणीपासून उमरखेडपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कुठेही ऐकू येतो. विचारणारे बहुतेक कापूस-सोयाबीनवाले शेतकरी असतात. पोरगी बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेली, पुढे शिकायचं म्हणते, आणि बापाला पैशाचा मेळ लागत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी याच घरांमध्ये ‘डी.एड. झालं की नोकरी पक्की’ असं बोललं जाई. तेव्हाचा विश्वास जितका आंधळा होता, तितकाच आजचा नकार आंधळा आहे असं माझं मत आहे. तेव्हाही कोणी आकडे मांडले नव्हते, आजही मांडत नाही.

नकार देणाऱ्यांची बाजू आधी पूर्ण ऐकू. ते म्हणतात, 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, म्हणजे खर्चही दुप्पट झाला. मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग शिक्षक अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या यादीची वाट. एवढं करून नंबर लागला तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. तोवर पुण्याच्या कंपनीत गेलेल्या शेजारच्या पोरानं घर बांधायला काढलेलं असतं. यातला एकही शब्द खोटा नाही. मात्र त्यावरून ‘पदवीच कुचकामी’ असा जो निष्कर्ष ते काढतात, तो मला मान्य नाही.

आकडेच पाहू. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी, तालुक्याच्या गावी खोली, मेस, पुस्तकं मिळून दोन वर्षांचे दीड लाख रुपये धरू. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे साडेअठरा क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतकऱ्याचं तीन-चार एकरांचं पीक. रक्कम मोठी आहे, हे मी हलक्यानं घेत नाही.

आता दुसरी बाजू. माध्यमिक शाळेतल्या बी.एड. शिक्षकाचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन 38,600 रुपये. शिक्षण सेवकाला मिळतात 18,000. महिन्याचा फरक 20,600 रुपये, छत्तीस महिन्यांचा 7,41,600. महागाई भत्ता यात धरलेलाच नाही. फी-मेससह धरलेल्या सगळ्या खर्चाच्या जवळजवळ पाचपट रक्कम ही मुलगी नोकरी लागल्यानंतर गमावते, आणि तेही पूर्ण वेळ, पूर्ण वर्ग शिकवून. हे 18,000 सुद्धा 1 जानेवारी 2023 पासूनचे. त्याआधी 8,000 होते. आणि यादीची वाट पाहण्यात गेलेलं प्रत्येक वर्ष म्हणजे नुसत्या मूळ वेतनाचे 4,63,200 रुपये. तेव्हा ‘बी.एड. महाग पडलं’ असं जो बाप म्हणतो, त्यानं महाविद्यालयाच्या पावतीकडे कमी आणि कॅलेंडरकडे जास्त पाहायला हवं. पदवीपेक्षा प्रतीक्षा कितीतरी महाग आहे.

ती प्रतीक्षा कुठून आली? ‘बाजारात शिक्षक जास्त झाले’ हे ठरलेलं उत्तर मी साफ नाकारतो. 2010 च्या सीईटीनंतर जिल्हा परिषदांची मोठी भरती थांबली. 2 मे 2012 च्या शासन निर्णयानं खासगी शाळांतल्या भरतीवर बंदी आली. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर 2017 मध्ये आणि तिच्यावरून पहिली निवड यादी लागली ऑगस्ट 2019 मध्ये. दुसरी चाचणी थेट 2023 च्या फेब्रुवारीत. या सगळ्या काळात महाविद्यालयांना मान्यता देणारी, दरवर्षी प्रवेश परीक्षा घेऊन मुलं आत घेणारी यंत्रणाही सरकारीच होती. एका दारानं आत घ्यायचं आणि दुसरं दार बंद ठेवायचं, याला बाजार म्हणत नाहीत. हा धोरणाचा दोष आहे, आणि त्याची किंमत शेतकऱ्याच्या पोरांनी आपल्या विशीतली वर्षं देऊन चुकती केली.

दुसरा आक्षेप असा की जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलंच उरली नाहीत, शिक्षक कशाला हवेत? हा आक्षेप घेणाऱ्यांनी झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागातल्या कोलामांच्या पोडांवर आणि पुसद, महागावकडच्या तांड्यांवर एकदा फिरून यावं. पटावर वीस मुलं असली तरी वर्ग चार-पाच असतात. पहिलीच्या पोराला अजून कोलामीतून मराठीत यायचं असतं आणि चौथीच्याला भागाकार हवा असतो. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले ते याचसाठी. आणि शिक्षकांची गरज नाही असं सरकारला खरोखर वाटत असतं, तर जुलै 2023 मध्ये सत्तर वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर परत बोलावण्याचा आदेश निघालाच नसता. त्या आदेशानं जागा रिकाम्या असल्याची कबुलीच दिली. घरात दोन पदव्या घेऊन बसलेली पोरगी आणि शाळेत पेन्शनवाले गुरुजी, ही व्यवस्था त्या गुरुजींनाही मनातून पटत नसेल.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: शिकवणं येत नाही, टीईटीत फार थोडे उत्तीर्ण होतात, मग नोकरी कशी द्यायची? इथं मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. जिथं हजेरी नावापुरती आणि पाठ फक्त वहीतच घेतले जातात, ती महाविद्यालयं बंद व्हावीत. पण 2019-20 च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचं उघड झालं आणि 2022 मध्ये 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. परीक्षा घेणाऱ्या परिषदेच्या आयुक्तांनाच त्या प्रकरणात अटक झाली होती. प्रामाणिकपणे रात्री जागून अभ्यास केलेल्यांचं मोल त्या परीक्षेनं किती घटवलं, हेही गुणवत्तेवर बोलताना सांगितलं पाहिजे.

आता माझं म्हणणं. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही पदवी घेण्याजोगी आहे. वणीच्या कोळसा खाणी आणि लोहाऱ्याची एमआयडीसी सोडली तर शिकलेल्या पोरींना इथं पगारी काम कुठं आहे? बाहेर पाठवायची घरच्यांची तयारी नसते, हे वास्तव आहे. बी.एड. जवळच्या गावी राहून होतं. या पदवीमुळे राज्याची भरती तर खुली होतेच, शिवाय केंद्रीय विद्यालय, नवोदय, आदिवासी मुलांच्या एकलव्य शाळा यांच्या परीक्षा देता येतात. तिथं पदवीधर शिक्षकाचं मूळ वेतन 44,900 पासून सुरू होतं. शाळा सुटल्यावर स्वतःच्या गावात गणित-इंग्रजीचे वर्ग घेणारी बाई पोटापुरतं मिळवतेच, आणि आपल्या मुलांचा अभ्यासही तिच्याच हातून होतो. ही मिळकत कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, म्हणून ती शून्य ठरत नाही.

मात्र डोळे उघडे ठेवूनच. ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. बारावीनंतरच मास्तरकीचं मनात असेल तर डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) लवकर आणि स्वस्तात होतं, मूळ वेतन 29,200 असलं तरी. आज ती महाविद्यालयं ओस पडत आहेत आणि नेमक्या त्याच वर्गांना शिक्षक हवे आहेत. पदवीला कोणते विषय आहेत ते आधी पाहा. गणित-विज्ञान आणि इतिहास-मराठी यांच्या रांगा सारख्या लांबीच्या नसतात. खासगी संस्थेच्या शाळेतल्या जागेसाठी कोणी पैसे मागितले तर शेत विकून देऊ नका. तो खर्च धरला की वर मांडलेला सगळा हिशेब कोलमडतो, आणि त्या पैशाची पावतीही मिळत नाही.

सरकारकडे मागायचं ते फार अवघड नाही. प्रत्येक शिक्षकाची जन्मतारीख पगाराच्या शालार्थ प्रणालीत नोंदलेली आहे आणि निवृत्तीचं वय 58 ठरलेलं आहे. कोणत्या तालुक्यात कोणत्या विषयाची किती माणसं पुढच्या पाच वर्षांत निवृत्त होणार, हे काढायला समिती लागत नाही. ती यादी दरवर्षी जाहीर करा, बी.एड.च्या जागा तिच्यावरून ठरवा, अभियोग्यता चाचणी दरवर्षी ठरल्या महिन्यात घ्या, आणि शिक्षण सेवकाची तीन वर्षं रद्द करून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्या. उमेदवार संघटनांनीही मोर्चात ‘भरती करा’ एवढंच न मागता या यादीचा आग्रह धरावा.

ती यादी मिळेपर्यंत घरानं एक मर्यादा आखून घ्यावी. बी.एड. सुरू असतानाच टीईटी द्यायची, शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज मुदतीत भरायचा, आणि पदवीनंतर तीन वर्षांत नंबर लागला नाही तर मिळेल तो दुसरा रोजगार धरायचा. टीईटीचं प्रमाणपत्र 2021 पासून आजीवन वैध आहे, त्यामुळे पुढची भरती निघाली की काम करता करता अर्ज भरता येतो.