स्वतः पाणी पिणारी कुंडी

सुटींत चार-सहा दिवस परगांवीं जावयाचें ठरलें म्हणजे खिडकींतील रोपाचें काय करावें, हा प्रश्न बहुधा स्टेशनावर पोंचल्यावर आठवतो. शेजाऱ्यांस सांगावें, तर शेजारीहि गांवीं गेलेले असतात. यासाठीं स्वतः पाणी पिणारी कुंडी बाजारांत तयार मिळते. ती विकत न घेतां प्रत्येक विद्यार्थ्यानें घरच्या टाकाऊ वस्तूंतून करावी, असें माझें मत आहे. आणि त्याचें कारण केवळ पैसा नव्हे.

कृति सोपी आहे. दोन लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली मध्यावर कापावी; लहान मुलांनीं हें काम वडील माणसांकडून करवून घ्यावें. बुचास भोंक पाडून त्यांतून जुन्या सुती कापडाची पिळलेली चिंधी ओवावी. वरचा भाग उलटा करून खालच्या भागांत बसवावा. चिंधीचें एक टोंक मातींत वरपर्यंत जावें, दुसरें तळाच्या पाण्यांत बुडावें. मातींत कुजलेलें खत व नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळावा. पहिल्या दिवशीं वात भिजवून वरूनहि भरपूर पाणी घालावें. तळचें पाणी बुचास टेकूं देऊं नये, नाहीं तर मुळें गुदमरतात. पुदिना यांत आनंदानें वाढतो. कोरफडीस मात्र ही ओल सोसत नाहीं.

आतां पाणी वर कां चढतें? समईच्या वातींतून तेल चढतें त्याच नियमानें. नळी जितकी बारीक तितकें पाणी उंच चढतें, हा नियम जेम्स ज्युरिन या इंग्रज शास्त्रज्ञानें १७१८ सालीं मांडला. वातीच्या तंतूंमधील व मातीच्या कणांमधील फटी म्हणजे अशा असंख्य नळ्याच होत. पानांतून पाणी उडून जातें, माती सुकूं लागते, आणि सुकलेल्या मातीकडे वात पाणी पोंचविते. तयार कुंडींत हा सारा व्यवहार झांकलेला असतो. बाटलींत तो डोळ्यांस दिसतो. पाण्याच्या पातळीशीं रोज एक रेघ ओढावी. ढगाळ दिवशीं रेघा जवळ येतात, कडक उन्हांत दूर जातात. पुस्तकांतील धडा पाठ म्हणणाऱ्या मुलास हें अंतर कां पडलें असें विचारून पाहावें!

पालकांस एक विनंति आहे. प्रदर्शनासाठीं नवी बाटली आणून, तींतील पेय ओतून देऊन, ‘टाकाऊंतून टिकाऊ’ करण्याची रीत हल्लीं बोकाळली आहे. ती सोडावी. आईनें रात्रीं जागून केलेल्या कुंडीस गुण देण्यापेक्षां मुलाच्या वांकड्या कापलेल्या बाटलीस मी अधिक गुण देईन.

दोन गोष्टी विसरूं नयेत. डेंग्यूचा फैलाव करणारा एडिस डांस घरांतील अशाच सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालतो. म्हणून दोन्ही भागांमधील फट कापडानें घट्ट बंद करावी, आणि दर आठवड्यास पाणी ओतून तळ घांसून काढावा. दुसरें असें, कीं पाणी नेहमीं खालूनच चढत राहिल्यानें क्षार मातींत वर सांचतात. महिन्यांतून एकदां वरून भरपूर पाणी घालून ते धुवून काढावे.

बाटली किती दिवस पुरते याची परीक्षा गांवीं जाण्यापूर्वीं, घरीं असतांनाच, घ्यावी. सुटीनंतर जगलेलीं रोपें वर्गांत आणावीं, तशीं वाळलेलींहि आणावीं. वात बारीक पडली कीं माती चिकण होती, हें आपण मिळून पाहूं.