भीमथडीच्या घोड्याला आधी कोरडी जागा द्या

महाराष्ट्राच्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचं नाव आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान वाटतो. पण ज्या भीमाकाठाने या घोड्याला नाव दिलं, त्याच काठावरच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत पावसाळाभर मी घोडी बघतो ती घोट्यापर्यंत राडीत उभी असलेली. जनावरांचा डॉक्टर म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पाऊस आपल्या हातात नाही, पण दावणीचा चिखल बराचसा आपण स्वतः तयार करतो आणि तो थांबवणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

आमचा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कधी परतीचा, तर कधी 2025 च्या मे अखेरीस दौंड-बारामतीला झाला तसा एकदम कोसळणारा. एवढ्याशा पावसासाठी घोड्याची वेगळी सोय कशाला, असं लोक म्हणतात. पण आपली माती काळी, चिबड. पाणी प्याली की ती फुगते आणि वरचं पाणी खाली मुरू देत नाही. माळावर तासाभरात ओसरणारं पाणी इथे आठवडाभर साचून राहतं.

धनगर समाजाला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. दिवाळीनंतर मेंढ्यांसह फिरणारा वाडा कोकणाकडे उतरतो आणि पावसाळ्याआधी देशावरच्या कोरड्या भागात परततो. सामान वाहणारी तट्टं मुरमाड माळावर बांधली जातात आणि चार दिवसांनी वाडा हलला की जागा आपोआप बदलते. चिखल होऊ नये म्हणून याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही. मात्र कालव्याचं पाणी आलं, माळ उसाखाली गेले, काही जमिनी कुरकुंभ-रांजणगावच्या कारखान्यांकडे गेल्या. उरलेलं तट्टू आता उसाच्या बांधाला, एकाच खुंट्याला महिनोन्‌महिने उभं असतं.

घोडी फक्त धनगरांकडेच आहेत असंही नाही. शर्यतीच्या घाटात बैलगाड्यापुढे पळणारी घोडी आहे, लग्नाच्या वरातीतली घोडी आहे, सारंगखेड्याच्या आणि अकलूजच्या बाजारातून हौसेने आणलेले मारवाडी आणि काठेवाडी घोडे आहेत. कोरड्या मुलखातलं हे जनावर आपण काळ्या रानात आणून बांधतो.

त्याचे भोग खुराला भोगावे लागतात. सतत ओलं राहिलेलं खूर मऊ पडतं, तळाचा त्रिकोणी भाग कुजतो, त्यातून काळा, घाण वास येणारा स्राव येतो. खिळे सैल होतात आणि नाल चिखलात निघून जातो. पायाच्या मागच्या बाजूची कातडी भेगाळते, खपल्या धरते, पाय सुजतो. शेणमातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि घोड्याइतकं धनुर्वाताला पटकन बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर क्वचितच. ओल्या लिदीवर माश्या वाढतात त्या वेगळ्याच. लंगडणारी घोडी दाखवायला आणली की मी आधी तिची उभं राहण्याची जागा विचारतो.

उपाय म्हणून बहुतेक जण चिखलावर मुरमाची ट्रॉली ओततात. पुढच्या पावसात तो मुरूम खाली गडप होतो. कोणी पाचट पसरतात, ते कुजून राड दुप्पट होते. कोणी रोज बादलीने पाय धुतात, त्याने कातडी अधिकच भिजते. माती वाळू द्यावी आणि ब्रशने झाडावी, हे बरं.

खरं काम छपरापासून सुरू होतं. वीस बाय दहा फुटांच्या पत्र्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की नऊशे लिटरहून जास्त पाणी खाली येतं, आणि ते नेमकं घोड्याच्या पायाशी पडतं. पन्हळ लावून, पाइपाने ते चरात सोडलं की निम्मी लढाई तिथेच जिंकली. दुसरं काम लिदीचं. मोठं घोडं दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतं. ती सकाळ-संध्याकाळ उचलून खड्ड्यात गेली पाहिजे. जागा बांधायची ती त्यानंतर. वरची काळी माती आणि शेण खरवडून काढायचं, तळाला जिओटेक्स्टाईल कापड अंथरायचं, त्यावर जाड खडी दाबायची, वर मुरूम आणि कच, दहा फुटाला तीन इंच उतार. सगळं आवार करायची गरज नाही. फाटक, पाण्याची टाकी आणि वैरणीची जागा, जिथे घोडं सारखं उभं राहतं, तेवढं आधी करा. बाकी रानासाठी शेतकऱ्याचाच नियम पाळा: वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही, तसं वाफसा आल्याशिवाय घोडंही मोकळं सोडू नका.

आता सरकारला सांगायचं ते. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट आणले, उद्योजकांना पन्नास लाखांपर्यंत पन्नास टक्के अनुदान दिलं. त्याचं स्वागत. पण दोन तट्टांचा धनगर उद्योजक म्हणून अर्ज करणार नाही. राज्याच्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत गाय-म्हशीचा गोठा आहे, शेळीची शेड आहे, कोंबडीचीही आहे. त्याच यादीत घोड्यासाठी एक पक्का, उताराचा ओटा का नसावा? प्रत्येक ग्रामपंचायतीने गायरानातला उंच, मुरमाड तुकडा पावसाळ्यात वाड्यांसाठी राखावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नालबंदांचं प्रशिक्षण व्हावं, कारण हा कसबी माणूस गावोगाव कमी होत चालला आहे. आणि यात्रा समित्यांनी घोडी घाटात उतरवण्याआधी तिची चारही खुरं उचलून पाहावीत. कुजलेल्या खुराची घोडी पळवायची नाही, एवढा एक नियम केला तरी मालक दावणीकडे लक्ष देतील.

जातीची नोंद झाली म्हणून जात टिकत नाही. ती टिकवायची तर पैदाशीइतकीच पायाखालच्या जागेची काळजी घ्यावी लागेल. अनुदानाची वाट न पाहता या मोसमात पन्हळ लावा, चर काढा, लीद उचला. बाकीचं आपण सरकारकडून मिळून मागू.