भाड्याचे विमान, भाड्याचा वैमानिक आणि आपण

डिसेंबर २०२५ मध्ये संघटनेच्या कामासाठी आम्ही बंगळूरला गेलो होतो. मुक्काम जे. पी. नगरात, एका निवृत्त रेल्वेबंधूंच्या घरी होता. त्याच आठवड्यात इंडिगो कंपनीचे वेळापत्रक देशभर कोलमडले. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. शेजारचे एक गृहस्थ पहाटे विमानतळावर गेले होते, ते दुपारी बॅगा घेऊन परत आले. मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे मराठीतच कडाडले. "सेक्रेटरीसाहेब, या पायलट लोकांना लाखांनी पगार, आणि वर विश्रांतीही हवी! कंपनीनं सरळ परदेशातून विमानं आणि पायलट भाड्यानं आणावेत. आपोआप जिरेल यांची."

आम्ही गप्प बसलो. त्या गृहस्थांचा राग समजण्यासारखा होता. पण गप्प बसण्याचे खरे कारण वेगळे होते. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, आम्ही स्वतः बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वी बोललो होतो.

ज्या वसाहतीत हे संभाषण झाले तिला जयप्रकाश नारायण यांचे नाव आहे. तिथल्या नव्या पिढीला जे. पी. म्हणजे मेट्रोचे एक स्टेशन एवढेच ठाऊक असेल. आपल्या वाचकांना मात्र आठवण द्यायला हवी की स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत जयप्रकाशजी ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते आणि पोस्टमन व कनिष्ठ श्रेणी टपाल कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनेचेही अध्यक्ष होते. रेल्वे आणि टपाल या दोन्ही घरांचा वडीलधारा माणूस एकच होता. त्यांच्या नावाच्या वसाहतीत बसून आम्हाला आमची जुनी चूक आठवली. ती आज लिहून मोकळे होतो.

१९९३ ची गोष्ट

१९९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनाच्या प्रश्नावर काम बंद केले. इंडियन एअरलाइन्स ही तेव्हा सरकारी कंपनी. १९५३ साली आठ खासगी कंपन्या ताब्यात घेऊन सरकारने ती उभी केली होती. वाटाघाटी फिसकटल्या तेव्हा सरकारने निराळा मार्ग काढला. सोव्हिएत संघ मोडून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या उझबेकिस्तानकडून टुपोलेव्ह विमाने भाड्याने घेतली, तीही त्यांच्याच वैमानिकांसह. तिकीट इंडियन एअरलाइन्सचे, उड्डाणाचा क्रमांक इंडियन एअरलाइन्सचा, विमान आणि ते चालवणारे हात परक्यांचे.

आम्ही तेव्हा रेल्वेत नुकतेच खलाशी म्हणून लागलो होतो. कॅन्टीनमध्ये वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि आम्ही सगळे खूश! "बरी जिरवली टायवाल्यांची," असे म्हणून टाळ्या देत होतो. आमचा पगार तो किती, त्यांचा किती! त्यांचे भांडण हे आमचे भांडण असू शकते, हे कुणाच्या डोक्यातही आले नाही.

९ जानेवारी १९९३ रोजी हैदराबादहून आलेले असे एक भाड्याचे टुपोलेव्ह-१५४ दिल्लीच्या धावपट्टीवर धुक्यात उतरताना उलटले आणि पेटले. विमानात १६५ माणसे होती. नशीब थोर म्हणून सगळी वाचली. हवाई वाहतूकमंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. माधवराव आपल्याला परके नव्हते. हवाई खात्याआधी रेल्वे खाते त्यांच्याकडे होते आणि १९८८ साली पहिली शताब्दी त्यांच्याच काळात धावली. राजीनामा देऊन त्यांनी मोठेपणा दाखवला हे खरे. पण मंत्री गेले तरी भाड्याने माणसे आणून संपावरचा तोडगा काढण्याची युक्ती काही गेली नाही. ती सरकारच्या आणि मालकांच्या कपाटात नीट घडी घालून राहिली.

त्या उझबेक वैमानिकांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तीही पोटासाठी परमुलखात राबणारी माणसेच होती. प्रश्न त्यांना कशासाठी आणले याचा आहे.

ही पद्धत चालते कशी

विमानधंद्यात याला 'वेट लीज' म्हणतात. नुसते विमान भाड्याने घेतले तर वैमानिक आपले लागतात. वेट लीजमध्ये विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा असे सगळे एकदम येते. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर इंजिन, रेक, लोको पायलट आणि गार्ड असा सगळा संच दुसऱ्याकडून भाड्याने आणायचा, डब्यावर पाटी तेवढी आपली लावायची.

यात मेख आहे ती अशी. भाड्याने आलेल्या वैमानिकाचा परवाना, प्रशिक्षण, कामाचे तास आणि विश्रांती हे सारे मूळ कंपनीच्या आणि तिच्या देशाच्या नियमांखाली चालते. आपल्या देशात विश्रांतीचा कितीही चांगला नियम झाला तरी तो या वैमानिकाला लागत नाही. आपल्या वैमानिकांनी भांडून पगाराचा करार मिळवला तर तोही त्याला लागत नाही. म्हणजे मालकाला करार मोडायची गरजच उरत नाही, करारातले कामच उचलून दुसरीकडे दिले की झाले.

१९९३ साली निदान संप तरी होता. आता संपाचीही गरज उरलेली नाही. इंडिगोने २०२३ पासून दिल्ली आणि मुंबईहून इस्तंबूलला जाण्यासाठी टर्किश एअरलाइन्सची मोठी बोइंग विमाने त्यांच्या वैमानिकांसह वापरली. २०२५ च्या जुलैपासून मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टरला जाण्यासाठी नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिक कंपनीची विमाने तशाच पद्धतीने घेतली. कंपनी म्हणते, नवी विमाने वेळेवर मिळत नाहीत, इंजिनांच्या बिघाडामुळे हातातली विमाने उभी आहेत. यात तथ्य आहे हे आम्ही मान्य करतो. अडचणीपुरते भाडे घ्यायला कुणाची हरकत नाही. पण अडचण कधी संपली हे ठरवणार कोण? आमच्या अनुभवात 'तात्पुरते' म्हणून आलेले एकही कंत्राट आपणहून परत गेलेले नाही.

पगाराचा वाद म्हणजे नेमका काय

वैमानिकांचा पगार लाखांत असतो हे कुणी नाकारत नाही. पण भांडण नुसत्या आकड्याचे नसते, हमीचे असते. रनिंग स्टाफच्या बंधूंना हे चटकन समजेल. २०२४ च्या सुरुवातीला, एअर इंडियात विलीन होण्याआधी, विस्तारा कंपनीच्या वैमानिकांपुढे नवा करार ठेवण्यात आला. आधी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाच्या पैशांची हमी होती, ती ४० तासांवर आली. पुढचे पैसे जितके उडाल तितके. वैमानिक आजारपणाच्या रजेवर जाऊ लागले, उड्डाणे रद्द होऊ लागली आणि कंपनीला वेळापत्रक सुमारे दहा टक्क्यांनी कापावे लागले.

आता यात भाड्याची विमाने मिसळून पाहा. ज्याचा पगार उडण्याच्या तासांवर आहे त्याचे तास परक्याला दिले, तर पगाराच्या कागदावर एक अक्षरही न बदलता त्याचा पगार कापला जातो. आपल्याकडे माइलेज बुडाले की घरी काय होते, हे लोको पायलटच्या बायकोला विचारावे.

आणि डिसेंबर २०२५ चे काय? वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा आणि रात्रीची लँडिंग कमी करणारा नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाला होता. कंपनीला तयारीला पुरेसा वेळ होता. तिने माणसे भरली नाहीत. नियमाचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि महिन्याभरात डोलारा कोसळला. मग सरकारने त्याच कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमातून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. माणसे न भरण्याची चूक कंपनीची, आणि जागरण मात्र वैमानिकांच्या वाट्याला! अडकलेल्या प्रवाशांसाठी रेल्वेने ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले. ते डबे ओढणाऱ्या आमच्या लोको पायलटांची मागणी काय आहे? मुख्यालयातल्या १६ तासांच्या विश्रांतीत न मिसळता ३० तासांची साप्ताहिक विश्रांती वेगळी द्या. ती वर्षानुवर्षे पडून आहे. वर्तमानपत्रांनी जादा डब्यांची बातमी छापली, ही मागणी छापली नाही.

वैमानिकांचेही चुकले

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वैमानिकांच्या संघटना आमच्या द्वारसभेला कधी आल्याचे आम्हाला आठवत नाही. आपापसातही त्यांनी एकी ठेवली नाही. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, तरी वैमानिक दोन संघटनांत वाटलेलेच राहिले. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. तो मिटवताना हा प्रश्न न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीपुढे गेला. २०१२ साली जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला. वाद होता नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळण्याचा. एका गटाचा संप चालू असताना दुसरा गट विमाने उडवत होता. मालकाला बाहेरून माणसे आणावीच लागली नाहीत, घरातच मिळाली.

आपण तरी यावर हसू नये. लोको, ट्रॅफिक, इंजिनिअरिंग, सिग्नल, जो तो आपापल्या कॅटेगरीची संघटना काढून बसला आहे. टपालातही चित्र फारसे वेगळे नाही.

आपल्या घरात काय घडले

१९९३ साली आम्ही टाळ्या पिटल्या त्याचे फळ आम्हाला दहा वर्षांच्या आत मिळाले. ज्या डेपोत आम्ही काम करत होतो तिथे आधी सफाई कंत्राटाने गेली. आम्ही म्हणालो, सफाईच आहे. मग बेडरोल गेले, मग डब्यांत पाणी भरणे गेले. खाउजाचे धोरण आम्हाला सभेत भाषणाला उपयोगी पडत होते, पण डेपोच्या फाटकातून ते आत शिरले तेव्हा आम्हाला ओळखू आले नाही. आज तिथे आमच्याच शेजारी उभा राहून तेच काम करणारा पोरगा निम्म्याहून कमी पैशांत राबतो आणि त्याचा मालक कोण हे त्यालाही धड सांगता येत नाही.

२०१९ मध्ये आयआरसीटीसीची तेजस धावली तेव्हा पुष्कळ बंधू म्हणाले, ड्रायव्हर आणि गार्ड आपलेच आहेत, काळजी कशाला? २०२० च्या जुलैमध्ये १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्यांची योजना आली. तिथेही हेच समाधान. बोली लावणारे पुढे आले नाहीत म्हणून ती योजना बारगळली, आपल्या ताकदीमुळे नव्हे. विमानधंद्याकडे पाहिले की कळते, ड्रायव्हर आपला राहील ही समजूत खोटी आहे. तिथे सुरुवात ड्रायव्हरपासूनच झाली.

टपालातल्या बंधू-भगिनींना तर हे निराळे सांगायला नको. गावोगाव टपाल पोचवणारा ग्रामीण डाक सेवक गणवेश खात्याचा घालतो, शिक्का खात्याचा मारतो, पण खात्याचा नियमित कर्मचारी नाही. पाटी आपली आणि माणूस परका, हा प्रकार तुमच्याकडे विमानांच्याही आधीपासून आहे.

मग करायचे काय

जयप्रकाशजींची एक गोष्ट सांगतो. टपाल कामगारांना संपकाळातील पगाराबाबत मंत्र्यांकडून तोंडी आश्वासन मिळाले होते. ते पाळले गेले नाही. आपल्या शब्दावर विसंबलेल्या कामगारांपुढे आपण चुकलो, असे मानून जयप्रकाशजींनी १९५२ साली पुण्यात २१ दिवसांचा उपवास केला. एवढ्या मोठ्या माणसाने तोंडी शब्दाची किंमत अशी मोजली. आपण त्यातून एवढेच शिकावे की शब्द कागदावर हवा.

पहिली गोष्ट म्हणून, यापुढे वेतनाची मागणी करताना तिच्याबरोबर दुसरी मागणी जोडलीच पाहिजे. करारात समाविष्ट असलेले काम संघटनेशी लेखी करार झाल्याशिवाय बाहेर देऊ नये. दिलेच तर ते करणाऱ्याला तोच पगार आणि तीच विश्रांती मिळावी. या एका कलमाशिवाय केलेली पगारवाढ म्हणजे गळक्या बादलीत भरलेले पाणी आहे.

दुसरे, कंत्राटी कामगाराला आपल्या शाखेत घ्या. भाड्याने आलेला माणूस आपला वैरी नाही. त्याचा पगार आपल्याएवढा झाला की त्याला भाड्याने आणण्यात मालकाला गोडी राहत नाही.

तिसरे, कायदा वाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संप धरला जातो, आणि नोटिशीवाचून संप बेकायदा ठरतो. सामूहिक रजेच्या वाटेने लढता येईल असे मानणाऱ्यांची वाट आता अरुंद झाली आहे, मग ते वैमानिक असोत की गँगमन. उघड, नोटीस देऊन आणि सगळ्यांनी मिळून लढण्याला पर्याय उरलेला नाही.

जे. पी. नगरातल्या त्या गृहस्थांना आम्ही दुसऱ्या दिवशी चहाला बोलावले आणि १९९३ ची हकिकत सांगितली. ते म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण माझं तिकीट तर बुडालंच ना?" त्यांचे बरोबर होते. प्रवाशाचे तिकीट बुडते तेव्हा त्याला समोर दिसतो तो खिडकीवरचा कर्मचारी किंवा वैमानिक, माणसे न भरणारा मालक दिसत नाही. तो दाखवून देण्याचे काम संघटनेचे आहे. पुढच्या द्वारसभेत प्रत्येक शाखेने आपल्याकडे कोणकोणते काम बाहेर गेले आणि कोणत्या वर्षी गेले याची यादी वाचून दाखवावी. आमच्या शाखेची यादी आम्ही लिहायला घेतली आहे. ती आमच्या अंदाजापेक्षा बरीच लांब निघत आहे.