पाच सेकंदांत काय काय होते?

‘प्रचंड’ या लढाऊ हेलिकॉप्टरच्या नाकाखाली २० मिलिमीटरची तोफ आहे. वैमानिक मान वळवेल तिकडे ती वळते. हवेतून हवेत मारा करणारे ‘मिस्ट्राल’ क्षेपणास्त्रही त्यावर लागते. मग अंगावर येणारे विमानवेधी क्षेपणास्त्र हेलिकॉप्टरने स्वतःच का पाडू नये? जहाजांना हे जमते, रणगाड्यांनाही जमू लागले आहे. नाशिकच्या गांधीनगर तळावर शिकणाऱ्या आणि ओझरला काम करणाऱ्या तरुण वाचकांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पुढच्या दहा वर्षांत हेलिकॉप्टरवरचे एकेक किलो वजन कशासाठी खर्चायचे, हे त्याच्या उत्तरावर ठरणार आहे. म्हणून त्याचा हिशेब नीट मांडायला हवा.

खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र तीन किलोमीटरवरच्या कड्यावरून निघाले असे धरू. ‘इग्ला’सारख्या क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास असतो, ‘स्टिंगर’चा त्याहून जास्त. म्हणजे हातात सुमारे पाच सेकंद. त्यातला एखादा सेकंद धूर आणि ज्वाला ओळखून इशारा द्यायलाच जातो. मग दिशा ठरवायची, तोफ वळवायची, लक्ष्य धरायचे. गोळ्यालाही पोचायला वेळ लागतो. नेम धरून मारायला शेवटी दोन सेकंद उरले तरी पुष्कळ. ही तोफ मिनिटाला साधारण साडेसातशे गोळ्या झाडते, म्हणजे दोन सेकंदांत पंचवीस. समोरून येणाऱ्या क्षेपणास्त्राचे तोंड सात सेंटिमीटरचे. नेमात एक मिलिरेडियनची चूक झाली तर किलोमीटरवर गोळी एक मीटर बाजूने जाते, आणि थरथरत्या, वळण घेत असलेल्या हेलिकॉप्टरवरच्या तोफेच्या गोळ्यांचा फैलाव याहून बराच मोठा असतो. त्यातून उष्णतेचा माग काढणारे क्षेपणास्त्र बहुधा मागून किंवा बाजूने, एक्झॉस्टच्या रोखाने येते. नाकाखालची तोफ शेपटीमागे वळत नाही. ‘मिस्ट्राल’चेही तेच. त्याच्या सीकरला, म्हणजे लक्ष्य शोधणाऱ्या डोळ्याला, उष्ण इंजिन दिसते. सात सेंटिमीटरचे, सरळ अंगावर येणारे टोक पकडण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

जहाजावर हेच काम ‘फॅलँक्स’ करते. मिनिटाला साडेचार हजार गोळ्या, स्वतःचे रडार, स्वतःचा संगणक. ती संपूर्ण यंत्रणा भरते सहा टनांच्या आसपास. आपल्या ‘प्रचंड’चे उड्डाणाचे कमाल वजनच ५.८ टन आहे. इथे बहुतेक वाद मिटायला हरकत नाही.

रणगाड्यांचे उदाहरण दिले जाते ते इस्राएलच्या ‘ट्रॉफी’चे. २०११ साली गाझाच्या सीमेवर तिने ‘मर्कावा’वर आलेले अस्त्र प्रथमच प्रत्यक्ष लढाईत अडवले. पण ती अस्त्राला रणगाड्यापासून अगदी जवळ फोडते आणि उरलेले तुकडे चिलखत झेलते. हेलिकॉप्टरला तसे चिलखत कुठले? त्याचे अंग पातळ पत्र्याचे आणि कंपोझिटचे, डोक्यावर फिरणारी पाती. सेकंदाला सहाशे मीटर वेगाने येणारे क्षेपणास्त्र शंभर मीटरवर फुटले तरी त्याचे तुकडे त्याच वेगाने पुढे येणार. वर अडवणारे अस्त्र सोडायचे तर पाती सांभाळून सोडायचे, आणि खाली आपलेच जवान असू शकतात.

तरीही ही कल्पना मोडीत काढावी असे आम्ही म्हणणार नाही. एका ठिकाणी ती रास्त आहे, ते म्हणजे आरपीजी, खांद्यावरून डागायची रॉकेट-ग्रेनेड. आरपीजीला सीकर नसतो, त्यामुळे तिला चकवता येत नाही. १९९३ मध्ये मोगादिशूत दोन ‘ब्लॅक हॉक’ तिनेच पाडले आणि ऑगस्ट २०११ मध्ये अफगाणिस्तानात ‘शिनुक’ पडून ३८ जण गेले तेही तिच्यामुळेच. तिचा वेग क्षेपणास्त्राच्या निम्म्याहून कमी, म्हणून अमेरिकेत तिच्याविरुद्ध हेलिकॉप्टरवरून छोटी अडवणारी अस्त्रे सोडण्याचे प्रयोग झाले. संथ उडणाऱ्या ड्रोनांची गोष्टही तशीच. मार्च २०२४ मध्ये तांबड्या समुद्रावर फ्रेंच नौदलाच्या हेलिकॉप्टरने दारातल्या मशीनगनने हूतींचे ड्रोन पाडले. ‘प्रचंड’च्या तोफेचे हवेतले खरे काम हेच असणार आहे, आणि त्याचा सराव आजच अभ्यासक्रमात यायला हवा.

क्षेपणास्त्राच्या बाबतीत मात्र आपल्याकडचा धडा फार महागात मिळालेला आहे. २८ मे १९९९. कारगिल युद्धात तोलोलिंगवर रॉकेट मारून वळणाऱ्या एमआय-१७ ला ‘स्टिंगर’ लागले. स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट राज किशोर साहू असे चौघे गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडणारी चालू यंत्रणा नव्हती. त्यानंतर एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून काढून घ्यावी लागली, आणि उंचीवर लढणारे हलके हेलिकॉप्टर हवे ही गरज तिथूनच पुढे आली. ‘प्रचंड’चा जन्म त्या डोंगरातला आहे.

फ्लेअर म्हणजे मॅग्नेशियम आणि टेफ्लॉनची जळती कांडी, इंजिनाहून जास्त तापणारी. जुन्या सीकरला ती भुलवते. नवा सीकर दोन रंगांत पाहतो, किंवा चित्रच पाहतो, आणि कांडी व हेलिकॉप्टर यांतला फरक ओळखतो. म्हणून पुढची पायरी म्हणजे इशारा मिळताच सीकरच्या डोळ्यात लेझर मारून त्याला आंधळे करणारा छोटा बुरुज. त्यात गोळी नाही, तुकडे नाहीत, मागच्या बाजूलाही चालतो. क्षेपणास्त्र शाबूत राहते, फक्त भरकटते. आम्हाला पाच सेकंदांत जमण्याजोगे हेच दिसते.

मार्च २०२५ मध्ये १५६ ‘प्रचंड’चा ६२,७०० कोटी रुपयांचा करार झाला. त्यातली ९० सेनेसाठी, ६६ वायुदलासाठी. या मशिनांवरचा इशारा देणारा सेन्सर आणि लेझर बुरुज आपल्याकडे बनणार की बाहेरून येणार, हा प्रश्न आज विचारायचा आहे. ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरसाठी आपण स्वीडनच्या ‘साब’ची यंत्रणा घेतली. दुसरीकडे रडारला फसवणाऱ्या चॅफच्या नव्या काडतुसांवर जोधपूरच्या प्रयोगशाळेबरोबर पुण्याच्या हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने काम करून दाखवले आहे. म्हणजे रसायन आपल्याला येते, अडते ते प्रकाशाच्या बाजूला. नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या ज्या कारखान्यांत अचूक गिंबल आणि काचेची घरटी यंत्रावर काढता येतात, त्यांनी तोफेच्या स्वप्नापेक्षा या कामाकडे पाहावे. सूर्याचे प्रतिबिंब किंवा खालच्या गावातल्या वेल्डिंगची ठिणगी पाहून जो सेन्सर ओरडतो, तो वैमानिक बंद करून टाकतो. खोटा इशारा टाळणे ही यातली सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाची कारागिरी आहे.

आणि एक गोष्ट नाशिकमध्ये बसून लिहिताना टाळता येत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगामवर पडलेल्या एमआय-१७ व्ही५ मध्ये आपल्या शहरातले स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. क्षेपणास्त्र आपलेच होते, श्रीनगर तळावरून डागलेले. मोठी चूक झाली, असे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वायुदलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केले. हेलिकॉप्टरवरची आयएफएफ, म्हणजे शत्रू-मित्र ओळखणारी यंत्रणा, बंद होती आणि तळ व हेलिकॉप्टर यांच्यातला समन्वय तुटला होता, असे चौकशीतून पुढे आले. तळाकडे परतणाऱ्या वैमानिकाने कुठली तोफ वळवायची, कुणाच्या सीकरवर लेझर मारायचा? आपल्याच बॅटरीकडून क्षेपणास्त्र येईल, ही शक्यता त्याने धरलेली असण्याचे कारणच नव्हते.

गांधीनगरला शिकवणाऱ्या अनुभवी मंडळींना म्हणूनच आमची विनंती आहे. सिम्युलेटरवर शत्रूचे क्षेपणास्त्र दाखवता, तसे आपले हवाई संरक्षणही दाखवा. आयएफएफ कधी चालू, कधी बंद, बंद असेल तर कुणाला कळवायचे, कोणत्या मार्गाने आणि किती उंचीवरून परत यायचे, याचा सराव जमिनीवरच्या बॅटरीच्या अधिकाऱ्यांना शेजारी बसवून घ्या. पहिली तालीम येत्या सत्रातही होऊ शकते.